रोजच्या बीटलला स्ट्रोकर इंजिन: ८२ की ७४?

वाचकाचं पत्र

काका, सप्रेम नमस्कार. आमच्याकडे १९७१ ची फोक्सवॅगन बीटल आहे, १३०२ एस, १६०० चं इंजिन. अण्णांनी मुंबईत नोकरीला असताना सेकंडहँड घेतली आणि निवृत्त झाल्यावर गावी आणली. आता मी चालवतो. शृंगारतळी ते चिपळूण रोज जाऊन-येऊन सत्तरेक किलोमीटर, पावसाळ्यातसुद्धा. सासुरवाडी दापोलीकडची, त्यामुळे धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला उतरणंही नेहमीचं. अधूनमधून कुंभार्ली घाटाने कराड. २०२१ च्या जुलैतल्या चिपळूणच्या पुरात गाडी दिवसभर पाण्यात उभी होती. मिस्त्रींनी ऑइल बदललं, कार्बोरेटर धुतला, चालू झाली. आता मात्र ऑइल पिते, चढणीला दम राहिला नाही आणि क्रँकची पुली हाताने पुढे-मागे हलते. पुण्यातला एक ट्यूनर म्हणतो, इंजिन उतरवताच आहात तर ८२ ची क्रँक घालून २११० सीसीचं स्ट्रोकर करू, १२० हॉर्सपॉवर सहज निघतील. चुलतभाऊ म्हणतो, कंपनीचं आहे तेच ठेव. मला शर्यत लावायची नाही, पण ट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरवर रखडायचा कंटाळा आलाय. स्ट्रोकर करायचं तर कुठलं करू?
एक शृंगारतळीकर

उत्तर

शृंगारतळीकर, नमस्कार.

२११० करू नका. इंजिन म्हणून ते वाईट नाही, पण तुम्ही लिहिलंय ते काम त्याचं नव्हे. स्ट्रोकर करायचंच असेल तर ७४ मिलिमीटर स्ट्रोकची क्रँक (पिस्टनच्या धावेने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) आणि ९०.५ ची बॅरलं (पिस्टन ज्यांत धावतात ती नळकांडी) घ्या, त्याचे १९०४ सीसी होतात. त्यालाही अट आहे. इंजिन उघडल्यावर जुनी क्रँक बाद निघाली तरच हे करा. ती ग्राइंडिंगला बसत असेल तर चुलतभावाचं ऐका, आहे ते १५८४ नीट बांधून घ्या आणि वाचलेले पैसे खाली सांगतो तिथे घाला.

स्ट्रोक म्हणजे पिस्टनची वरपासून खालपर्यंतची धाव. बीटलची १३००, १५०० आणि १६०० ही तिन्ही इंजिनं ६९ मिलिमीटर स्ट्रोकचीच. कंपनीने बोअर, म्हणजे बॅरलचा आतला व्यास, तेवढा वाढवत नेला, ७७ वरून ८३, ८३ वरून ८५.५. तुमच्या १५८४ सीसीला ४००० आरपीएमवर ५० हॉर्सपॉवर, असा कंपनीचा आकडा आहे. स्ट्रोकरमध्ये क्रँकपिन, म्हणजे पिस्टनचा रॉड जिथे क्रँकला जोडतात ती जागा, मध्यापासून आणखी लांब असलेली क्रँक घालतात. पिस्टन जास्त धावतो आणि सीसी वाढतात.

लांब स्ट्रोकमुळेच टॉर्क, म्हणजे ओढ, येतो असं गॅरेजात छातीठोकपणे सांगतात. टॉर्क मुख्यतः सीसीतून येतो. तेवढेच सीसी बोअर वाढवून काढले तरी ओढ जवळपास तेवढीच मिळेल. स्ट्रोक वाढवण्याचा फायदा वेगळा आहे: बॅरलची भिंत पातळ न करता सीसी वाढवता येतात. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात या भिंतीला फार किंमत.

आता कुंभार्ली. १९०४ म्हणजे आत्तापेक्षा साधारण २० टक्के जास्त सीसी, २११० म्हणजे ३३ टक्के. तुमच्या गिअरबॉक्समध्ये दुसरा गिअर २.०६ चा, तिसरा १.२६ चा. दुसऱ्यात मिळते तेवढी ओढ तिसऱ्यात हवी असेल तर टॉर्क ६३ टक्क्यांनी वाढायला हवा. तेवढा तो १९०४ मध्ये वाढत नाही आणि २११० मध्येही वाढत नाही. म्हणजे ज्या तीव्र वळणावर आज दुसरा लागतो तिथे उद्याही दुसराच लागणार, हे आधीच मनाशी धरा. फरक पडेल तो मधल्या चढणींवर, जिथे दुसऱ्यात इंजिन ओरडतं आणि तिसऱ्यात गाडी धापा टाकते. तिथे २० टक्के भरपूर होतात. शिवाय ट्यूनरने सांगितलेले १२० हॉर्सपॉवर इंजिन चांगलं पिळल्यावर, पाच-साडेपाच हजार आरपीएमच्या पुढेच कुठेतरी मिळणार. मार्गताम्हाण्याच्या वळणांवर तुम्ही तिथवर कधी जाणार?

तेव्हा आधी इंजिन उतरवा, उघडा आणि मोजा. पुली हाताने हलते हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच. क्रँकची ही पुढे-मागची हालचाल नव्या बांधणीत ०.०७ ते ०.१३ मिलिमीटर ठेवतात. ०.१५ च्या पुढे गेली की इंजिन काम मागतं. हाताला स्पष्ट जाणवते म्हणजे ती बहुधा त्याच्या बरीच पुढे गेलीय. उतरवण्याआधी डायल गेज लावून नेमका आकडा घ्या.

कारण बहुतेक पुरातलं. वाशिष्ठीचं पाणी नुसतं पाणी नव्हतं, गाळ होता. तुमच्या इंजिनाला कागदी ऑइल फिल्टर नाही. तळाच्या गोल झाकणामागे नुसती जाळी असते आणि बारीक गाळ तिच्यातून आरामात आरपार जातो. मिस्त्रींनी ऑइल बदललं हे बरंच केलं, पण क्रँकच्या आतल्या तेलवाटांत आणि ऑइल कूलरमध्ये जे बसलं ते ड्रेन प्लग उघडून बाहेर येत नाही. त्यावरच बेअरिंगं तेव्हापासून फिरतायत. जुना कूलर धुऊन परत लावू नका, टाकून द्या. क्रँककेसच्या तेलवाटांचे बंद प्लग काढून, आत ब्रश घालून धुवायला सांगा, आणि हे तुमच्या डोळ्यांसमोर होऊ द्या.

क्रँक हातात आली की जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे तिचे गुळगुळीत भाग, उजेडात फिरवून बघा. गंजाचे बारीक खड्डे दिसले तर ते किती खोल आहेत यावर सगळं ठरेल. ग्राइंडिंगच्या पायऱ्या ०.२५, ०.५० आणि ०.७५ मिलिमीटर. पन्नास वर्षांच्या क्रँकवर त्यातली एखादी आधीच वापरलेली असते, जुन्या बेअरिंगच्या पाठीवर साइज छापलेला असतो तो वाचा. पहिल्या किंवा दुसऱ्या पायरीत खड्डे निघून जात असतील आणि तडा नसेल तर ती क्रँक उत्तम, घडीव आहे, ठेवा. ०.७५ लाही साफ होत नसेल तर नवी घ्यावीच लागणार, आणि तिथे माझं मत बदलतं. नवी ६९ ची, काउंटरवेट (तोल सांभाळणारी वजनं) असलेली क्रँक घ्या किंवा ७४ ची, दोन्ही परदेशातूनच येणार आणि किमतीत फार अंतर नसतं. मग पाच मिलिमीटर का सोडा?

क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची आहे. खारं वारं आणि पुराचं पाणी या धातूला अजिबात मानवत नाही, विशेषतः जिथे लोखंडी स्टड त्यात घुसलेले असतात तिथे पांढरी भुकटी धरते. हेडच्या स्टडच्या जागी स्टीलचे थ्रेड इन्सर्ट बसवून घ्या. तीन नंबर सिलिंडरच्या मागे तडा आहे का ते डाय पेनिट्रंट (तडा दाखवणारं रंगीत द्रावण) मारून बघा, मॅग्नेशियमवर चुंबकाची तपासणी चालत नाही. मधलं मेन बेअरिंग केसमध्ये ठोके मारून सैल झालेलं असेल तर लाइन बोअरिंग, म्हणजे बेअरिंगच्या सगळ्या जागा एका रेषेत नव्याने कोरणं, लागेल. हे काम गल्लीतल्या लेथवर देऊ नका. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्यांचं रोजचं काम ग्राइंडिंग-बोअरिंगचं आहे अशांकडे जा, कराडमार्गे तुम्हाला फार लांब नाही. जाण्यायेण्यात क्रँक घरी राहणार असेल तर तेल फासून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, उभी ठेवा. आपल्याकडे आषाढात उघडी ठेवलेली घासलेली क्रँक दोन दिवसांत तांबूस होते.

आता ८२ ला माझा एवढा विरोध का, ते.

क्रँकपिन मध्यापासून आज ३४.५ मिलिमीटरवर फिरते. ७४ मध्ये ती ३७ वर जाते, ८२ मध्ये ४१ वर. ४१ वर फिरणाऱ्या कनेक्टिंग रॉडचं मोठं डोकं केसच्या आतल्या भिंतीला आणि कॅमशाफ्टला (झडपा उघडणाऱ्या दांड्याला) लागू पाहतं, म्हणून केस आतून ग्राइंडरने खरवडावी लागते. पन्नास वर्षांची, पुरातून निघालेली मॅग्नेशियमची केस आतून खरवडायला मी तरी सांगणार नाही. ट्यूनर म्हणेल, मग नवी ॲल्युमिनियमची केस घेऊ. त्यातली अडचण शेवटी सांगतो. ७४ ला अशी खरवड बहुधा लागत नाही, लागलीच तर अगदी नावाला. तरी फिटरने इंजिन जोडताना क्रँक हाताने पूर्ण फिरवून प्रत्येक रॉड आणि कॅममधली फट बघायलाच हवी.

दुसरी गोष्ट इंजिनाच्या रुंदीची. पिस्टन जास्त वर येतो म्हणून एकतर गजनपिन (पिस्टन रॉडला जोडणारी पिन) वर सरकवलेले स्ट्रोकर पिस्टन घ्यावे लागतात, नाहीतर बॅरलखाली शिम (पातळ चकत्या) घालून हेड बाहेर ढकलावं लागतं. ८२ मध्ये पिस्टन दोन्ही बाजूंना साडेसहा मिलिमीटर जास्त वर येतो, त्यामुळे बऱ्याचदा दोन्ही करावं लागतं. इंजिन रुंद झालं की पत्रे, इनटेक मॅनिफोल्ड, सायलेन्सरचे पाइप, काहीच मूळ जागी बसत नाही. मग फिटर पत्रे कापतो, ठोकतो, वाकवतो, फटी राहतात आणि फटींतून गरम हवा पंख्याकडे परत वर येते. ट्यूनरच्या बेंचवर हे कळत नाही, वैशाखात महामार्गावर कळतं.

तिसरी गोष्ट कॉम्प्रेशनची, म्हणजे पिस्टन मिश्रण कितीपट दाबतो त्याची, आणि इथे हिशोब करून दाखवतो, कारण हा हिशोब ट्यूनरकडूनही तुम्ही मागायचा आहे. हेडमधला चेंबर, म्हणजे मिश्रण जळतं ती पोकळी, साधारण ५० सीसीचा धरा. पिस्टन अगदी वर असताना त्याच्या माथ्यावर दीड मिलिमीटर जागा ठेवली तर ९०.५ च्या बॅरलमध्ये तिचे ९.६ सीसी होतात. म्हणजे एकूण ५९.६. आता १७७६ च्या इंजिनात, म्हणजे ६९ चीच क्रँक आणि ९०.५ ची बॅरलं, एका सिलिंडरचे ४४४ सीसी. कॉम्प्रेशन ८.४ ला १. त्याच हेडवर १९०४ केलं तर ९ ला १. २११० केलं तर जवळजवळ ९.८ ला १. कोणी काही मुद्दाम वाढवलं नाही, नुसती क्रँक बदलली आणि कॉम्प्रेशन तिथे पोचलं. हवेवर थंड होणारं इंजिन, मे महिन्याचा उकाडा, पंपावरचं साधं पेट्रोल आणि चढणीवर दाबलेला ॲक्सिलरेटर, यात ९.८ म्हणजे पिस्टनला ठोके बसलेच म्हणून समजा. तुम्हाला ८ ला १ हवं. १९०४ साठी चेंबर मशिनवर उघडून ५८ सीसीचा केला की ते ८ वर येतं. हेडवाल्याला चारही चेंबरमध्ये ब्युरेटने तेल सोडून मोजायला सांगा आणि चारही आकडे कागदावर लिहून घ्या. नजरेच्या अंदाजावर हे काम करणाऱ्याकडून हेडं परत घेऊन या.

बॅरलं ९०.५ चीच का? ८७ आणि ८८ ची काही बॅरलं केसला हात न लावता सरळ आत बसतात, म्हणून स्वस्तात खपवली जातात. त्यांची भिंत पातळ असते आणि तापल्यावर ती गोल राहत नाहीत. मग नव्या रिंगा घालूनही इंजिन ऑइल पीतच राहतं. ९२ ची बॅरलं ९०.५ च्याच भोकात बसतात, म्हणजे वाढलेला बोअर भिंतीतूनच कापलेला असतो. ९४ ला भिंत बरी असते पण केस आणि हेड दोन्ही जास्त कापावी लागतात. रोज सत्तर किलोमीटर चालणाऱ्या गाडीला ९०.५ बरोबर. केस आणखी कापू नये असं तपासणीत दिसलं तर ८५.५ चीच बॅरलं ठेवून ७४ ची क्रँक घाला. १६९९ सीसी होतात, कापाकापी शून्य. ऐकायला काहीच नाही, चालवायला फार गोड.

पेट्रोलबद्दल थोडं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलने ऑक्टेन वाढतं, ते आपल्या पथ्यावरच. पण त्यात प्राणवायू असतो, त्यामुळे कार्बोरेटरच्या जुन्या जेटवर (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भोकावर) मिश्रण पातळ पडतं आणि पातळ मिश्रण इंजिन तापवतं. साध्या पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, या पेट्रोलला साडेतेराच्या आसपास. म्हणून नवा कार्बोरेटर बसवला की मेन जेट एक-दोन नंबर मोठा घालून, प्लगचा रंग बघत बघत ठरवा. दुसरं, इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि आपल्याकडे ओलाव्याला तोटा नाही. पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवा. तिसरं आणि यात टाळाटाळ नको: पुढच्या टाकीपासून मागच्या कार्बोरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाइप इथेनॉल सोसणारे, नवे, क्लिपा आवळून. बीटल पेटतात त्या बहुतेक इथेच. कार्बोरेटरच्या तोंडाशी दाबून बसवलेली पितळी नळी सैल होऊन निघते आणि पेट्रोल थेट डिस्ट्रिब्युटरवर पडतं. ती नळी हाताने ओढून बघा. गाडीत अग्निशामक ठेवा.

उष्णतेबाबत ट्यूनर मंडळी सर्वात कमी बोलतात, म्हणून मी जास्त बोलतो. तुमच्या १९७१ च्या गाडीत ऑइल कूलर पंख्याच्या घरट्याबाहेर, म्हणजे त्याच्या पत्र्याच्या आवरणाबाहेर, स्वतंत्र कप्प्यात असायला हवा. त्याआधीच्या गाड्यांत तो आतच असे आणि तीन नंबर सिलिंडरची हवा अडवे. पण पन्नास वर्षांत कोणी पंख्याचं जुनं घरटं बसवलेलं असू शकतं, तेव्हा बघून खात्री करा. आत बघतच आहात तर आणखी एक बघा. वाड्यात किंवा पडवीत उभ्या राहणाऱ्या बीटलमध्ये उंदीर पंख्याच्या घरट्यातून शिरून सिलिंडरांच्या फिन्सवर घर करतात. नारळाच्या सोडणाचा काथ्या, गवत, कागद, सगळं तिथे कोंबलेलं सापडतं आणि वरून काहीच दिसत नाही. मालक पेट्रोलला दोष देतो, कार्बोरेटरला देतो, आणि गाडी तापतच राहते.

इंजिनाभोवतीचे पत्रे एकूण एक हवेत. आपल्याकडे ते गंजतात, स्क्रू सडतात, मिस्त्री एखादा पत्रा 'याची काही गरज नाही' म्हणून कोपऱ्यात टाकतो. प्रत्येकाची गरज आहे. कडेने फिरणारी रबरी पट्टी नवी घाला. थर्मोस्टॅट आणि हवेच्या झडपा काढू नका. आपल्याकडे थंडी कुठे आहे, असं म्हणून काढतात, पण पावसातल्या सकाळी इंजिन नीट तापलं नाही की ऑइलमध्ये पाणी साचतं आणि ऑइलच्या झाकणाखाली लोण्यासारखा फेस जमतो.

बाहेरचा ऑइल फिल्टर बसवा, म्हणजे सगळं ऑइल त्यातून गेलंच पाहिजे अशा जोडणीचा. इंजिन स्ट्रोकर होवो न होवो, तुमच्या गाडीला पुराच्या कहाणीनंतर हा हवाच. त्याच फेऱ्यात छोटा जादा कूलर, त्याला थर्मोस्टॅट आणि विजेचा पंखा. गणपतीत चाकरमान्यांच्या गाड्यांनी महामार्ग तुंबला की तुमचा मुख्य पंखा आयडलवर फिरत असतो आणि हवा नावापुरती देतो, तेव्हा हा विजेचा पंखा कामाला येतो. पण मूळ डायनामो आयडलवर चार्जिंगच करत नाही, तेव्हा पंख्यासाठी अल्टरनेटर घ्या. ऑइलचं तापमान दाखवणारा काटा बसवा. ११० अंशांपर्यंत निवांत राहा, १२० दिसलं की सावली बघून थांबा. खाली लटकणारा जादा ऑइलचा डबा मात्र लावू नका. ट्यूनर तो नक्की सुचवेल. त्याला आपले स्पीडब्रेकर आणि पावसानंतरचे खड्डे माहीत नाहीत.

बाकीचं थोडक्यात. कॅम सौम्य घ्या, एंगल कंपनीच्या डब्ल्यू १०० च्या जातीचा. आयडल शांत राहतो आणि ओढ खालच्या आरपीएमला मिळते. नव्या कॅमला पहिली वीस मिनिटं इंजिन दोन ते अडीच हजारांवर ठेवावं लागतं, चालू करून शेजाऱ्यांना आवाज ऐकवण्यासाठी आयडलवर सोडू नका. कार्बोरेटर दोन, पण लहान. ब्राझीलचे सोलेक्सचे ४० मिलिमीटरचे, ज्यांना कॅड्रॉन म्हणतात, ते या इंजिनाला पुरतात. ४४ चे वेबर नकोत. एअर फिल्टर मोठे घ्या आणि वेळच्या वेळी धुवा, जांभ्याची लाल धूळ बॅरल खाते. डिस्ट्रिब्युटर व्हॅक्यूम ॲडव्हान्सचा, म्हणजे इंजिनाच्या ओढीप्रमाणे ठिणगी लवकर पाडणारा, ठेवा. नुसत्या सेंट्रिफ्यूगलवाला चकचकीत दिसतो, पण पाय ठेवल्याबरोबर गाडी क्षणभर अडखळते. एकूण ॲडव्हान्स २८ ते ३० अंशांवर थांबवा. टॅपेटची फट थंड इंजिनावर ०.१५ मिलिमीटर, पहिल्या ५०० किलोमीटरनंतर एकदा आणि मग दर ५,००० ला.

क्लच २०० मिलिमीटरचाच ठेवा, प्रेशर प्लेट फक्त एक पायरी कडक. त्याहून कडक घेतली तर फेरीबोटीच्या फळीवर इंचाइंचाने चढताना डावा पाय थरथरेल आणि मागच्या रिक्षावाल्याचं बोलणं खावं लागेल. ब्रेकचं म्हणाल तर १३०२ एसला पुढे डिस्क आल्या होत्या, तुमच्याही गाडीला असतील. पण पुरात बुडालेल्या गाडीचे कॅलिपर, मागचे व्हील सिलिंडर आणि लोखंडी ब्रेक पाइप बदलल्याशिवाय इंजिनाला एक पैसाही लावू नका. कुंभार्ली चढणारी गाडी संध्याकाळी उतरतेही.

राहिले कागद. हे खरं तर ऑर्डर देण्याआधीचं काम. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल, ठरावीक अपवाद सोडले तर, करता येत नाही. सीसी आणि इंजिन नंबर दोन्ही तपशिलात येतात. तुमचा इंजिन नंबर क्रँककेसवरच, डायनामोच्या बैठकीखाली ठोकलेला आहे. नवी ॲल्युमिनियमची केस घातली की तो नंबरच गेला, ही मघाची अडचण. म्हणून शक्यतो जुनीच केस वाचवा. शिवाय २०२१ साली पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणी आली, व्हीए मालिकेच्या नंबराची. कोणी तुम्हाला ती घ्यायला सांगेल. तिच्यात गाडी मूळ स्वरूपात लागते आणि रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. तुमच्या दोन्ही इच्छांवर ती पाणी फिरवते, त्या वाटेला जाऊ नका.

रत्नागिरीच्या आरटीओत लेखी अर्ज द्या: जुनीच क्रँककेस, तोच नंबर, सीसी १५८४ ऐवजी १९०४. उत्तर लेखीच घ्या आणि होकार आला तर विमा कंपनीलाही कळवा, नाहीतर अपघातानंतर क्लेम अडवायला त्यांना आयतंच कारण मिळतं. नकार आला तर ६९ ची काउंटरवेट क्रँक, ८५.५ ची नवी बॅरलं, फिल्टर, कूलर आणि वर सांगितलेली सगळी पत्र्यांची कामं करून १५८४ च बांधा. ब्रेकची, कूलरची आणि रबरी पाइपांची ऑर्डर आजच दिली तरी चालेल, ती दोन्ही इंजिनांना लागणार आहे. क्रँकची ऑर्डर आरटीओचा कागद हातात आल्यावर.